पाकिटावरचे नाव आणि श्रमिकाची साक्ष : नैतिक खरेदीच्या इतिहासाचे एक वाचन

१.

१५ नोव्हेंबर १९८८ रोजी नेदरलंड्समध्ये कॉफीच्या एका नव्या पाकिटाचे समारंभपूर्वक प्रकाशन झाले आणि पहिले पाकीट राजघराण्यातील प्रिन्स क्लाउस यांच्या हाती देण्यात आले. आतील कॉफी मेक्सिकोच्या ओआहाका प्रांतातील छोट्या शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थेची होती. मळ्यातून बाजारात येईपर्यंत उत्पादकाची लूट झालेली नाही, त्याला ठरलेला किमान भाव मिळाला आहे, अशी हमी देणारा एक शिक्का पाकिटावर होता. त्यावरील नाव होते ‘माक्स हाव्हेलार’. हे नाव कोणा व्यापाऱ्याचे नव्हते, संताचे नव्हते, पुढाऱ्याचेही नव्हते. १८६० साली प्रसिद्ध झालेल्या एका डच कादंबरीच्या नायकाचे ते नाव होते.

वसाहतीतील शोषणावर लिहिलेल्या कादंबरीचे शीर्षक सव्वाशे वर्षांनंतर किराणा दुकानातील फळीवर हमीपत्र म्हणून वावरू लागावे, ही घटना तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला कुतूहलजनक वाटेल. कादंबरीने काही शे पानांत जे सांगितले, ते शिक्क्याने दोन शब्दांत सांगितले. परंतु या संक्षेपात काय उरले आणि काय गळाले? प्रस्तुत लेखाचा विषय ‘नैतिक खरेदी’ म्हणून ओळखली जाणारी व्यवस्था आणि तिच्याद्वारे होणारे श्रमिकांच्या हक्कांचे संरक्षण हा आहे. ही व्यवस्था कशी चालते, ती कोठे टिकते आणि कोठे कोसळते, हे समजून घेताना साहित्याभ्यासातील एक साधा प्रश्न फार उपयोगी पडतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. तो प्रश्न असा : येथे निवेदक कोण आहे?

२.

प्रथम संज्ञा स्पष्ट करणे आवश्यक आहे. दुकानातील एका सदऱ्याचा मागील प्रवास पाहू. कापसाचे शेत, सरकी काढणारा जिनिंग कारखाना, सूतगिरणी, विणाई, रंगाई, शिलाईचा कारखाना, खरेदी-दलाल, ब्रँडची मालक कंपनी आणि शेवटी विक्रीचे दुकान अशी ही साखळी असते. प्रत्येक दुव्याचा पुढच्या दुव्याशी स्वतंत्र करार असतो. कायद्याच्या दृष्टीने शिलाई कामगार हा फक्त शिलाई कारखान्याचा नोकर. ब्रँडचा किंवा दुकानाचा त्याच्याशी कोणताही संबंध नाही. व्यवहारात मात्र सदऱ्याची किंमत, माल पोचवण्याची तारीख आणि ऐनवेळी होणारे बदल हे सारे साखळीच्या वरच्या टोकाला ठरते. सत्ता एका टोकाला आणि उत्तरदायित्व दुसऱ्या टोकाला, ही या रचनेची मूळ विसंगती होय.

ही विसंगती दूर करण्यासाठी मोठ्या खरेदीदाराने आपल्या पुरवठादारांना श्रमिकांच्या हक्कांविषयी अटी घालणे आणि त्या पाळल्या जातात की नाही हे पाहणे, म्हणजे नैतिक खरेदी. या अटींचा गाभा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९९८ च्या जाहीरनाम्यातून आलेला आहे : संघटनेचे व सामूहिक वाटाघाटीचे स्वातंत्र्य, सक्तीच्या श्रमाचे निर्मूलन, बालश्रमाचे निर्मूलन आणि रोजगारातील भेदभावाचे निर्मूलन. २०२२ मध्ये सुरक्षित व आरोग्यदायी कार्यपरिस्थिती या पाचव्या तत्त्वाची त्यांत भर पडली.

येथे एक भेद लक्षात ठेवायला हवा. माक्स हाव्हेलार शिक्क्याचा आरंभ झाला तो छोट्या शेतकऱ्याला रास्त भाव मिळावा यासाठी. शेतकरी हा मालाचा विक्रेता असतो. मजुराजवळ विकण्यासारखे फक्त स्वतःचे श्रम असतात. मालाला रास्त भाव मिळाला म्हणजे तो माल तयार करणाऱ्या मजुराला रास्त वेतन मिळालेच, असे होत नाही. ‘न्याय्य व्यापार’ आणि ‘श्रमिकांचे हक्क’ ही दोन वर्तुळे एकमेकांना छेदतात, पण ती एकच नव्हेत. बाजारातील शिक्के पाहताना ग्राहक बहुधा या ठिकाणी गोंधळतो.

३.

खरेदीला नीतीची कसोटी लावण्याची कल्पना मात्र १९८८ च्या कितीतरी आधीची आहे. १७९१ साली विल्यम फॉक्स याने लंडनमध्ये एक छोटी पुस्तिका छापली. वेस्ट इंडीजमधील गुलामांच्या श्रमातून निघालेली साखर आणि रम यांचा इंग्रज कुटुंबांनी त्याग करावा, असे आवाहन तिच्यात होते. तिच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या. साखर सोडणाऱ्यांची संख्या तीन लाखांच्या घरात असावी, असा अंदाज गुलामगिरीविरोधी चळवळीचा कार्यकर्ता टॉमस क्लार्कसन याने केला होता. फॉक्सने त्रैराशिक मांडले होते : आठवड्याला पाच पौंड साखर वापरणाऱ्या कुटुंबाने एकवीस महिने ती सोडली, तर एका माणसाची गुलामी किंवा हत्या टळेल. चहाच्या पेल्यातील चमचाभर साखर आणि दूरच्या मळ्यातील एक देह यांना एका वाक्यात जोडणे, हे या पुस्तिकेचे मोठेच सामर्थ्य होते. वस्तू आपल्या निर्मात्याला झाकते. फॉक्सने ते झाकण उघडले.

याच चळवळीतून पुढे, १८२० च्या दशकात, ईस्ट इंडियाच्या साखरेचा पर्याय पुढे आला. ही साखर गुलामांनी बनवलेली नाही, अशी अक्षरे लिहिलेली चिनी मातीची साखरभांडी इंग्लंडमध्ये विकली गेली. नैतिक खरेदीचा शिक्का म्हणावा अशा पहिल्या खुणांपैकी ही एक. परंतु ज्या हिंदुस्थानाची साखर निर्दोष म्हणून विकली जात होती, तेथे गुलामगिरीला मिळणारी कायद्याची मान्यता काढून घेणारा अधिनियम १८४३ साली झाला, म्हणजे भांडी बाजारात आल्यानंतर कितीतरी वर्षांनी. भांड्यावरील मजकूर लिहिणाऱ्याने हिंदुस्थानातील ऊस पिकवणाऱ्या कुणाला काही विचारले होते, असे दिसत नाही. निवेदक येथे इंग्रज ग्राहक आहे आणि श्रोताही तोच आहे. श्रमिक या संवादाचा विषय आहे, सहभागी नाही.

४.

१८६० हे वर्ष या दृष्टीने विलक्षण आहे. त्या एका वर्षात आशियातील दोन वसाहतींतील शोषणाविषयीच्या दोन कृती प्रसिद्ध झाल्या : डच भाषेतील ‘माक्स हाव्हेलार’ आणि बंगालीतील दीनबंधु मित्र यांचे नाटक ‘नीलदर्पण’.

एदुआर्द दाउवेस देक्कर हा जावा बेटावरील लेबाक जिल्ह्यात डच सरकारचा साहाय्यक अधिकारी होता. तेथील देशी सरदार रयतेकडून फुकट श्रम आणि जनावरे उकळतो, आणि डच सत्ता सोयीसाठी त्याकडे डोळेझाक करते, हे पाहून त्याने तक्रार केली. ती दाबली गेली तेव्हा १८५६ मध्ये त्याने राजीनामा दिला. १८५९ मध्ये ब्रुसेल्स येथे त्याने ही कादंबरी लिहिली आणि ‘मुलतातुली’, म्हणजे ‘ज्याने पुष्कळ सोसले’, या लॅटिन टोपणनावाने ती प्रसिद्ध झाली. हस्तलिखित याकोब फान लेनेप या प्रतिष्ठित साहित्यिकाच्या हाती गेले होते. त्याने स्थळांची नावे आणि तारखा गाळून तेथे टिंबे घातली. आरोपातील नेमकेपणा अशा रीतीने काढून घेतल्यावरच आरोप छापला गेला. संपूर्ण नावे लेखकाला १८७५ च्या आवृत्तीत परत आणता आली.

कादंबरीचे उपशीर्षक डच व्यापारी कंपनीच्या कॉफी-लिलावांचे आहे आणि तिचा पहिला निवेदक द्रोखस्टॉपल हा ॲमस्टरडॅमचा कॉफीचा दलाल आहे. त्याच्या हाती एका दरिद्री परिचिताच्या कागदांचे गाठोडे येते. त्याला हवे असते कॉफीच्या व्यापाराविषयीचे उपयुक्त पुस्तक; लेखनाचे काम तो स्टर्न नावाच्या तरुणावर सोपवतो, आणि स्टर्नच्या लेखणीतून हाव्हेलारची हकीकत बाहेर पडू लागते. तिच्यात सैजा आणि अदिंदा यांची कथा आहे. सैजाच्या बापाचे रेडे एकामागून एक हिरावून नेले जातात, आणि त्या हिरावण्यातून एका कुटुंबाचा आणि दोन जिवांचा अंत होतो. शेवटी लेखक स्वतः पुढे येतो, स्टर्नला दूर सारतो, दलालाला हाकलतो आणि थेट हॉलंडच्या राजाला जाब विचारतो.

निवेदनाची ही रचना म्हणजे पुरवठा साखळीचीच प्रतिकृती आहे. जावाच्या रयतेचे दुःख अधिकाऱ्याकडून कागदावर, कागदावरून होतकरू लेखकाकडे आणि त्याच्याकडून दलालामार्फत वाचकाकडे येते. प्रत्येक दुव्यावर कोणीतरी ते आपल्या गरजेप्रमाणे छाटू पाहतो. फान लेनेपची टिंबे हा त्या साखळीचा कादंबरीबाहेरील दुवा होय. मुलतातुलीने साखळी तोडून लेखणी आपल्या हाती घेतली, हे त्याचे धैर्य खरेच; परंतु लेखणी गेली ती एका डच माणसाकडून दुसऱ्या डच माणसाकडे. सैजाचा आवाज आपल्याला ऐकू येतो तो त्याच्या गाण्यांतून, आणि तीही डच भाषेत. शिक्क्यावर नाव आले ते हाव्हेलारचे. सैजाचे आले नाही.

‘नीलदर्पण’ची स्थिती निराळी आहे. नाटक हा प्रकारच पात्राला स्वतःच्या तोंडाने बोलायला लावतो. तोराप हा शेतकरी आपल्या बोलीत बोलतो. परंतु त्याहून महत्त्वाची गोष्ट नाटकाच्या बाहेर आहे. बंगालच्या रयतेने १८५९ पासूनच नीळ पेरण्यास नकार द्यायला सुरुवात केली होती. १८६० मध्ये सरकारला नीळ आयोग नेमावा लागला. त्या आयोगापुढे साक्ष देणाऱ्या १३४ व्यक्तींपैकी ७७ रयत होते. म्हणजे नाटक प्रसिद्ध होण्यापूर्वी शेतकऱ्याने सामूहिक नकार दिला होता आणि आपली साक्ष सरकारी कागदावर नोंदवलीही होती. नाटकाने त्या साक्षीला रंगभूमी दिली. इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केल्याबद्दल पाद्री जेम्स लाँग यांना १८६१ मध्ये एक महिन्याचा कारावास आणि एक हजार रुपये दंड झाला. साक्ष बंगालीत राहते तोवर ती सोसता येते. खरेदीदाराच्या भाषेत गेली की ती गुन्हा ठरते, असा त्या खटल्याचा अर्थ लावता येईल.

निळीच्या शोषणाची यंत्रणा ज्या एका शब्दात सामावलेली होती, तो शब्द ‘दादन’. मळेवाल्याने पेरणीपूर्वी दिलेली ही आगाऊ रक्कम कधीच फिटत नसे. ती बापाकडून मुलाकडे जाई. हा शब्द आपल्याला पुढे पुन्हा लागणार आहे.

५.

खरेदीदार देशाच्या सदसद्विवेकाविषयी उत्पादक देशात नेहमीच एक शंका असते, आणि ती निराधार नाही. मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास येथे उद्बोधक ठरतो. १८७० च्या दशकात मुंबईतील गिरण्यांमध्ये मुलांना व बायकांना किती तास राबवले जाते याविषयी इंग्लंडमध्ये ओरड सुरू झाली. ती करणाऱ्यांत खरेखुरे परोपकारी होते, तसेच लँकेशायरचे गिरणीमालकही होते. मुंबईच्या स्वस्त श्रमाची स्पर्धा त्यांना खुपत होती. १८७५ मध्ये मुंबईत चौकशी आयोग बसला आणि १८८१ मध्ये पहिला कारखाना अधिनियम झाला. तो फक्त शंभर किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यांना लागू होता. सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास त्याने बंदी केली आणि सात ते बारा वयाच्या मुलांसाठी नऊ तासांची मर्यादा घातली. प्रौढ कामगाराविषयी त्यात काहीही नव्हते. देशी पुढाऱ्यांपैकी अनेकांना हा कायदा म्हणजे मँचेस्टरचा कावा वाटला.

या वादात दोन बाजू होत्या आणि दोन्ही मालकांच्या होत्या. तिसरी बाजू उभी केली ती नारायण मेघाजी लोखंडे यांनी. सत्यशोधक चळवळीचे कार्यकर्ते आणि ‘दीनबंधु’चे संपादक असलेल्या लोखंड्यांनी १८८४ मध्ये परळ येथे गिरणी कामगारांची सभा भरवली आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले. दर रविवारी पूर्ण सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढीच कामाची वेळ, पुढील महिन्याच्या १५ तारखेपर्यंत पगार आणि अपघातात जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत वेतन, अशा त्यांतील मागण्या होत्या. इतक्या नेमक्या मागण्या कामगाराच्या दिवसाचा आतून अनुभव असल्याखेरीज सुचत नाहीत. पगाराच्या तारखेचा प्रश्न लँकेशायरच्या नीतिमत्तेला सुचलेला नव्हता. रविवारची सुटी १८९० मध्ये मान्य झाली.

हाच त्रिकोण शंभर वर्षांनंतर जागतिक व्यापाराच्या वाटाघाटींत पुन्हा दिसला. व्यापार करारांत श्रममानकांची अट घालावी, असा पाश्चात्त्य देशांचा आग्रह होता. भारतासह अनेक विकसनशील देशांनी हा छुपा संरक्षणवाद आहे असे म्हणून त्याला विरोध केला. आणि १९९६ च्या सिंगापूर परिषदेत हा विषय आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेकडे सोपवण्यात आला. दोन्ही पक्षांच्या युक्तिवादांत तथ्य होते. तथापि खरेदीदाराचा हेतू संशयास्पद आहे एवढ्याने कामगाराची मागणी खोटी ठरत नाही. लोखंड्यांच्या निवेदनाने हे १८८४ मध्येच दाखवून दिले होते.

६.

राष्ट्रांच्या पातळीवर हा प्रश्न अडला, त्याच काळात खाजगी कंपन्यांनी वेगळा मार्ग काढला. १९९१ मध्ये लेव्ही स्ट्राउस या कंपनीने पुरवठादारांसाठी आचारसंहिता जाहीर केली. अल्पावधीत बहुतेक मोठ्या ब्रँडांनी तिचे अनुकरण केले. १९९७ मध्ये एसए ८००० हे प्रमाणपत्र आले. संहिता पाळली जाते की नाही हे पाहण्यासाठी ‘सामाजिक लेखापरीक्षण’ हा नवा व्यवसाय उदयाला आला. कारखान्यांतील लोक त्याला सरळ ‘ऑडिट’ म्हणतात.

हा अहवाल एक वाङ्मयप्रकार म्हणून वाचून पाहावा. त्याचा निवेदक बाहेरून आलेला परीक्षक असतो. त्याचे शुल्क ब्रँड किंवा खुद्द कारखाना देतो. त्याचा काळ एकदोन दिवसांचा असतो आणि तो दिवस बहुधा आधी कळलेला असतो. कामगाराची मुलाखत कारखान्याच्या आवारात, मुकादमाच्या नजरेच्या टप्प्यात होते. काय बोलायचे हे पढवलेले असते. दाखवण्याचा हजेरीपट एक आणि खरा दुसरा, हा प्रकारही अनेक देशांत आढळला आहे. अहवालाचा वाचक खरेदी विभाग असतो. ज्याच्याविषयी अहवाल आहे त्या कामगाराला तो दिसत नाही. शिवाय ज्या कंपनीचा एक विभाग संहिता पाठवतो, तिचाच दुसरा विभाग भाव खाली ओढतो आणि मुदत कमी करतो. अशा वेळी कारखानदारापुढे जादा तास किंवा पोटकंत्राट यांखेरीज मार्ग उरत नाही, आणि अहवालात दोष मात्र त्याचाच नोंदवला जातो.

या प्रकाराची किंमत किती मोठी असते हे दोन घटनांनी दाखवले. ११ सप्टेंबर २०१२ रोजी कराचीतील एका वस्त्रनिर्मिती कारखान्याला आग लागून अडीचशेहून अधिक कामगार मरण पावले. त्या कारखान्याला एसए ८००० प्रमाणपत्र मिळून काही आठवडेच झाले होते. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळील साभार येथे राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळली. ११३४ माणसे मेली, सुमारे अडीच हजार जखमी झाली. आदल्या दिवशी इमारतीला तडे गेलेले दिसले होते. खालच्या मजल्यावरील बँक व दुकाने दुसऱ्या दिवशी बंद राहिली. वरच्या मजल्यांवरील शिलाई कामगारांना मात्र कामावर बोलावण्यात आले. न आल्यास पगार कापण्याची धमकी होती. इमारतीतील काही कारखान्यांची सामाजिक लेखापरीक्षणे पूर्वी झालेली होती. इमारतीचे बांधकाम तपासणे हा मात्र त्यांचा भाग नव्हता.

तडे प्रथम ज्यांना दिसले त्यांच्याजवळ ते अधिकृतपणे सांगण्याची जागा नव्हती आणि नकार देण्याचा हक्क नव्हता. संघटना नसलेल्या कामगाराला डोळे असतात, पण त्याची साक्ष कोणी नोंदवून घेत नाही. दुर्घटनेनंतर कार्यकर्ते ढिगाऱ्यात कपड्यांवर शिवायच्या ब्रँडच्या पट्ट्या शोधत होते, कारण येथे कोणाचा माल शिवला जात होता याचा तोच हाती येण्याजोगा पुरावा होता. ग्राहकासाठी जी पट्टी वस्तूच्या निर्मात्याला झाकण्याचे काम करते, तीच येथे साक्षीदार झाली.

७.

राणा प्लाझानंतर तीन आठवड्यांत जो करार झाला, तो या इतिहासातील खरे वळण होय. बांगलादेशातील अग्नि व इमारत सुरक्षेविषयीचा हा करार ‘अकॉर्ड’ या नावाने ओळखला जातो. पूर्वीच्या संहितांहून तो चार बाबतींत वेगळा होता. एक, त्यावर ब्रँडांच्या जोडीला आंतरराष्ट्रीय व बांगलादेशी कामगार संघटनांच्या सह्या होत्या. दोन, तो बंधनकारक होता. वाद लवादापुढे नेता येत होता आणि लवादाचा निर्णय न्यायालयामार्फत अमलात आणता येत होता. तीन, तपासणी स्वतंत्र अभियंत्यांनी करायची आणि अहवाल प्रसिद्ध करायचे होते. चार, धोकादायक इमारतीत पाऊल ठेवण्यास नकार देण्याचा कामगाराचा हक्क त्याने मान्य केला आणि तक्रारीची यंत्रणा दिली. दोनशेहून अधिक ब्रँड त्यात सामील झाले. सोळाशेहून अधिक कारखान्यांची तपासणी झाली. २०१६ मध्ये कामगार संघटनांनी दोन ब्रँडांविरुद्ध लवादाकडे धाव घेतली. दोन्ही प्रकरणे तडजोडीने मिटली, आणि त्यांपैकी एका ब्रँडने २०१८ च्या आरंभी तेवीस लाख डॉलर देण्याचे मान्य केले. स्वेच्छेच्या संहितेतून असे काही निष्पन्न होणे शक्यच नव्हते.

कराराच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. तो सुरक्षेपुरता होता. वेतन त्याच्या कक्षेबाहेर राहिले. २०२० मध्ये बांगलादेशातील काम एका नव्या परिषदेकडे गेले आणि तिच्या कारभारात कारखानदारांनाही स्थान मिळाले. परंतु त्याचा नमुना पुढे गेला. २०२१ मध्ये आंतरराष्ट्रीय करार झाला आणि त्यानंतर पाकिस्तानसाठीही तशी व्यवस्था उभी राहिली.

भारतातील उदाहरण तमिळनाडूतील दिंडिगुलचे आहे. तेथील एका वस्त्र कारखान्यातील तरुण कामगार स्त्रीची २०२१ च्या आरंभी हत्या झाली आणि कामाच्या जागी स्त्रियांवर होणाऱ्या लैंगिक छळाचा प्रश्न चव्हाट्यावर आला. एप्रिल २०२२ मध्ये स्त्रियांच्या नेतृत्वाखालील, मुख्यतः दलित स्त्रियांच्या, तमिळनाडू टेक्स्टाइल अँड कॉमन लेबर युनियनने दोन सहयोगी संघटनांसह कारखान्याच्या मालक कंपनीशी आणि एच अँड एम या ब्रँडशी करार केला. पुढे आणखी ब्रँड सामील झाले. कारखान्याच्या मजल्यावर कामगार स्त्रियांमधूनच निरीक्षक निवडून त्यांना प्रशिक्षण द्यायचे, हे त्या कराराचे वैशिष्ट्य. बाहेरच्या परीक्षकाला एका दिवसात जे कधीच दिसले नसते, ते रोज शेजारी उभी राहणारी स्त्री पाहते आणि सांगते. येथे निवेदक बदलला आहे.

दरम्यान विधिनियमही आले. फ्रान्सने २०१७ मध्ये मोठ्या कंपन्यांवर साखळीतील मानवी हक्कांविषयी दक्षतेचे कर्तव्य घातले. जर्मनीचा तत्सम कायदा २०२३ पासून लागू झाला. युरोपीय संघाने २०२४ मध्ये निर्देश संमत केला, आणि २०२५ मध्ये त्याची अंमलबजावणी पुढे ढकलली. ही चालढकल पाहता, खरेदीदार देशांच्या संसदांवरच सारी भिस्त ठेवणे शहाणपणाचे नाही.

८.

फॉक्सच्या पुस्तिकेपासून आपण साखरेने आरंभ केला होता. शेवटही साखरेनेच करणे क्रमप्राप्त आहे. मराठवाड्यातील, विशेषतः बीड जिल्ह्यातील लाखो माणसे दरवर्षी दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. या कामात श्रमिकाचे एकक माणूस नसून ‘कोयता’ आहे. एक कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. हिशेब जोडीचा होतो, त्यामुळे बाईची मजुरी वेगळी अशी कागदावर येतच नाही. हंगामापूर्वी मुकादमाकडून ‘उचल’ घेतलेली असते आणि ती तोडीतून फेडायची असते. एक दिवस कामाला न गेल्यास ‘खाडा’ पडतो आणि दंड बसतो. कारखाना म्हणतो, मजूर मुकादमाचे. मुकादम म्हणतो, पैसे कारखान्याचे. सदऱ्याच्या साखळीत जी विसंगती आपण पाहिली, तीच ही.

पाळीचे दिवस म्हणजे खाडा, या भीतीने आणि आजारांविषयीच्या अपुऱ्या किंवा दिशाभूल करणाऱ्या सल्ल्याने या भागातील अनेक तरुण स्त्रियांची गर्भाशये काढली गेली, ही बाब २०१९ मध्ये पुढे आली आणि राज्याने त्याच वर्षी चौकशी समिती नेमली. २०२४ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने हा ऊस ज्या कारखान्यांत जातो तेथपासून जगप्रसिद्ध शीतपेय कंपन्यांपर्यंतचा धागा दाखवला. त्या कंपन्यांच्या आचारसंहिता होत्या, साखरेसाठी प्रमाणपत्रेही होती.

‘उचल’ आणि ‘दादन’ हे शब्द शेजारी ठेवले की दीडशे वर्षांचे अंतर नाहीसे होते. दोन भाषा, दोन पिके, पण यंत्रणा एक : भविष्यातील श्रम आजच्या गरजेच्या भावाने विकत घेणे. सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकाम मजुरांच्या प्रकरणात असे म्हटले की किमान वेतनापेक्षा कमी मोबदल्यात करून घेतलेले काम हे संविधानाच्या तेविसाव्या अनुच्छेदातील सक्तीचे श्रमच होय, कारण भुकेची सक्ती हीदेखील सक्तीच. या निकालाच्या प्रकाशात उचलीचा हिशेब तपासला, तर ज्याला आपण ‘करार’ म्हणतो त्याचे खरे स्वरूप कळते.

ऊसतोडीच्या क्षेत्रात ‘लवाद’ हा शब्द परका नाही. साखर संघ आणि ऊसतोड कामगार संघटना यांच्यातील तोडणीचे दर दीर्घकाळ लवादाच्या मार्गाने ठरत आले आहेत. मात्र हा लवाद मुख्यतः दरापुरता आहे. खाडा, बाईच्या मजुरीची स्वतंत्र नोंद, फडावरील पाणी व शौचालय, दवाखाना हे प्रश्न त्यापुढे नेण्याचा हक्क तोडणी करणाऱ्या बाईला मिळाला आणि साखरेच्या मोठ्या खरेदीदारांनी त्या करारावर सही केली, तर ढाका व दिंडिगुलचा अनुभव येथेही उपयोगी पडेल. तो बाहेरून आयात करण्याची गरज नाही. १८८४ च्या परळच्या निवेदनात त्याचे बीज आहे.

९.

या विवेचनातून काढता येणारा निष्कर्ष मर्यादित, पण स्पष्ट आहे. ग्राहकाचा विवेक ही नैतिक खरेदीची सुरुवात असू शकते. तिचा पाया असू शकत नाही. साखरभांडे, शिक्का, आचारसंहिता आणि लेखापरीक्षण या सर्वांत श्रमिकाच्या वतीने दुसरा कोणी बोलत होता, आणि जेथे धोका खरा होता तेथेच हे बोलणे अपुरे पडले. नीळ आयोगापुढील रयत, लोखंड्यांच्या निवेदनावर सह्या करणारे गिरणी कामगार, ‘अकॉर्ड’खाली नकाराचा हक्क मिळालेला शिलाई कामगार आणि दिंडिगुलची निरीक्षक स्त्री यांच्या बाबतीत साक्ष प्रथमपुरुषी होती. तरीही केवळ साक्ष पुरेशी नसते. ती ऐकणाऱ्यावर काही करण्याचे बंधन असावे लागते. साक्ष आणि बंधन ही जोडी जुळते तेथेच हक्क टिकतात.

साहित्याच्या अभ्यासकाने या क्षेत्रात काय करावे, हा प्रश्न म्हणूनच अप्रस्तुत नाही. अहवाल, प्रमाणपत्रे, संहिता याही संहिताच आहेत. त्यांना निवेदक आहेत, गाळलेल्या जागा आहेत, टिंबे आहेत. फान लेनेपची टिंबे ज्याने ओळखली, त्याला कंपनीच्या वार्षिक अहवालातील टिंबेही ओळखता आली पाहिजेत. मुलतातुलीने शेवटच्या पानांत दलालाच्या हातून लेखणी काढून घेतली. कॉफीच्या पाकिटावर नायकाचे नाव आले, हा त्याच्या कादंबरीचा गौरवच आहे. परंतु ती लेखणी सैजाच्या हाती देण्याचे काम अद्याप पुरे झालेले नाही, आणि आपल्याकडे सैजाचे नाव कोयता असे आहे.